खेडच्या डोंगरवाटा आणि आमची सायकल-मंडळी

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यानें सुमारें ४० किलोमीटर आलें म्हणजे भीमा नदीच्या कांठीं राजगुरुनगर लागतें. जुन्या माणसांच्या तोंडीं अजून ‘खेड’ हेंच नांव आहे, आणि तालुकाहि त्याच नांवानें ओळखला जातो. ज्यांच्यामुळें गांवाला नवें नांव लाभलें ते हुतात्मा शिवराम हरि राजगुरु येथेंच २४ ऑगस्ट १९०८ रोजीं जन्मले. संस्कृत अध्ययनासाठीं काशीस गेले, पुढें क्रांतिकार्यांत पडले, आणि २३ मार्च १९३१ रोजीं लाहोरच्या तुरुंगांत भगतसिंग व सुखदेव यांच्यासह फांसावर गेले. त्यांचा वाडा नदीकांठीं उभा आहे. बाहेरगांवचा पाहुणा हा वाडा पाहतो, हात जोडतो, हमरस्त्यावरील वाहनांच्या गर्दीला कंटाळतो आणि परत जातो. परंतु खेड तालुक्याचें खरें रूप या हमरस्त्यावर नाहींच. तें त्याच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या जुन्या वाटांवर आहे. त्या वाटांविषयीं, आणि साठी उलटल्यावर ज्या मंडळींच्या सोबतीनें मी त्या सायकलीवरून पाहिल्या त्यांच्याविषयीं, चार शब्द लिहावे एवढाच या लेखाचा हेतु आहे.

वाचकांनीं तालुक्याचा नकाशा क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. पश्चिमेस सह्याद्रीचा कणा, आणि त्यावर श्रीभीमाशंकराचें ज्योतिर्लिंग. तेथें उगम पावलेली भीमा भोरगिरीवरून खालीं उतरते, वाड्याच्या खोऱ्यांतून वाहत चासकमानच्या धरणांत विसांवते, आणि पुढें आमच्या गांवावरून पंढरपुरास जाऊन चंद्रभागा म्हणवून घेते. दक्षिणेस चाकण. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यानें थोड्याशा शिबंदीनिशीं शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेला येथील संग्रामदुर्गापाशीं सुमारें दोन महिने अडवून धरिलें होतें. आज त्याच चाकणच्या भोंवतीं मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे आहेत, आणि मालमोटारींची रांग रात्रंदिवस हलत असते. त्या कारखान्यांच्या शेजारींच भामचंद्राचा डोंगर; तुकोबांच्या चिंतनाचें स्थान म्हणून वारकरी तेथें मस्तक टेकवितात. ज्ञानोबारायांची आळंदीहि याच तालुक्यांतली. सारांश, नदीचा उगम, रणभूमि, तपोभूमि, समाधिस्थान आणि यंत्रभूमि हीं सारीं एका तालुक्यांत नांदतात. आणि यांना एकमेकांशीं जोडणाऱ्या गाडीवाटा, पाणंदी व पायवाटा हमरस्त्याच्या कितीतरी आधींच्या आहेत.

या वाटांशीं माझी ओळख जुनी. मॅट्रिक होऊन अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केल्यावर माझी सारी नोकरी याच तालुक्यांतील शाळांत झाली, आणि तिच्या पहिल्या अर्ध्या भागांत बावीस इंची काळी सायकल हेंच माझें वाहन होतें. मीच काय, दूधवाला, पोस्टमन, लग्नाचीं आमंत्रणें घेऊन फिरणारा भाऊबंद, सारेच या वाटांनीं सायकल हांकीत. चढ आला कीं उतरून ढकलीत. पुढें मोटारसायकल घरोघर आली, डांबरी रस्ते झाले, आणि गाडीवाटांवर हळूहळू गवत चढलें. काळी सायकल माडीच्या जिन्याखालीं गेली. सेवानिवृत्तीनंतर सकाळचें वर्तमानपत्र, पूजा, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत पोंचविणें आणि संध्याकाळीं देवळाच्या पारावर बसणें, असा माझा दिनक्रम ठरून गेला होता. तो वाईट होता असें नव्हे. परंतु त्याची त्रिज्या अर्ध्या मैलाची होती.

एका गुरुपौर्णिमेस माझा एक जुना विद्यार्थी नमस्काराला आला. गांवांत त्याचें औषधांचें दुकान आहे, आणि दर रविवारीं तो कांहीं सोबत्यांसह डोंगरांत सायकल घेऊन जातो, हें मला ऐकून ठाऊक होतें. तो म्हणाला, “सर, भीमेचें खोरें तुम्ही आम्हांला फळ्यावर काढून शिकविलें. आतां आमच्याबरोबर चला. तेंच खोरें आम्ही तुम्हांला दाखवितों.” मी हंसलों, पण बोलणें मनांत राहिलें. घरांत विषय निघतांच ही म्हणाली, “अहो, या वयांत हाड मोडून घेतलेंत तर उस्तवार कोण करणार?” मुलानें आधीं डॉक्टरांना विचारावें असें सुचविलें. नात मात्र टाळ्या पिटून मोकळी झाली. अखेर हृदयाची व रक्तदाबाची तपासणी झाली, गुडघे पाहून झाले, आणि डॉक्टरांनीं सावकाश आरंभ करण्यास संमति दिली. सुनेनें तीन अटी घातल्या: शिरस्त्राण घातल्यावांचून जावयाचें नाहीं, एकट्यानें जावयाचें नाहीं, आणि मुक्कामीं पोंचतांच फोन करावयाचा. विद्यार्थ्याला परीक्षेच्या अटी घालण्यांत माझा जन्म गेला. त्या पाळण्याची पाळी अशी आली.

डोंगरी सायकल म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. आपल्या काळ्या सायकलीचें चाक अरुंद, आणि त्यांत हवा ठासून भरलेली. डांबरी रस्त्यावर तें सरसर धांवतें, पण मुरमावर घसरतें व दगडावर उडतें. डोंगरी सायकलीचे टायर दोन इंच किंवा त्याहून रुंद, व खोल नक्षीचे असतात. त्यांत हवा बेताचीच, पंचवीस-तीस पौंड, भरतात. म्हणून टायर दगडावर किंचित् दबून त्याला धरून चालतो. पुढच्या चाकाच्या चिमट्यांत धक्का पिऊन टाकण्याची योजना असते. ब्रेक चाकाच्या कडेला न धरतां मध्यावरील पोलादी तबकडीला धरतो, त्यामुळें चिखलपाण्यांतहि पकड सुटत नाहीं. सर्वांत मोठी सोय गिअरची. पुढें लहान व मागें मोठी दांतेरी चकती घातली कीं चाक सावकाश पण जोरानें फिरतें, आणि जो चढ पूर्वीं ढकलीत चढावा लागे तो बसल्याबसल्या, पायीं चालण्याच्या गतीनें, चढतां येतो. वेग द्यावा आणि जोर घ्यावा असा हा सौदा आहे, आणि उतारवयाला तो चांगला मानवतो.

हिची जन्मकथाहि मौजेची आहे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत, टॅमलपाइस नांवाच्या डोंगराच्या आसपास, कांहीं तरुणांनीं तीस-चाळीस वर्षांपूर्वींच्या, मोडींत निघालेल्या जड सायकली जमविल्या, आणि त्यांवर बसून ते डोंगराच्या वाटेनें शर्यतीनें उतरूं लागले. अशी पहिली शर्यत १९७६ सालीं झाली. उतार इतका विलक्षण कीं मागच्या चाकाच्या ब्रेकमधील वंगण जळून धूर निघे, व खालीं पोंचल्यावर तें पुन्हां नव्यानें भरावें लागे; त्यावरून त्या शर्यतीचें नांवच ‘रीपॅक’ पडलें. १९७७ सालीं त्यांच्यापैकीं जो ब्रीझ यानें अशा वाटांसाठीं मुद्दाम नवी सायकल घडविली, आणि १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला मान मिळाला. म्हणजे ज्या यंत्रासाठीं आज तरुण लोक महिन्याचा पगार घालतात, त्याचे पूर्वज भंगारांतून उचललेले होते! जुनें म्हणून बाजूस टाकलेलें सामान डोंगरावर कामास आलें. सेवानिवृत्त माणसाला याहून दिलासा देणारी कथा कोणती असूं शकेल?

आपल्या मुलखाची या बाबतींतील परंपराहि लहान नाहीं. १९२३ सालीं मुंबईहून निघालेले आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तीन पारशी तरुण सायकलीनें पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ सालीं घरीं परतले. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ मध्यें अमेरिका आडवी ओलांडणारी सायकलशर्यत जोडीनें पुरी केली. नाशिकहून २०१२ पासून पंढरपुरास सायकलींची वारी जाऊं लागली, आणि आमच्या शेजारच्या पिंपरी-चिंचवडहूनहि सायकलस्वार पंढरीस जातात. आमच्या मंडळींचा पराक्रम यांपैकीं कशाच्याहि जवळपास नाहीं. त्यांना नांव नाहीं, पाटी नाहीं, वर्गणीची पावती नाहीं. रविवारीं पहांटे साडेपांचास ठरल्या जागीं जे सायकल घेऊन उभे राहतील ते सभासद.

त्यांत माझा औषधवाला विद्यार्थी आहे; एक दंतवैद्य बाई आहेत; चाकणच्या कारखान्यांतले दोन अभियंते आहेत, पैकीं ओडिशाकडील एक जण रात्रपाळी संपवून डोळे चोळीतच येतो; दुधाचा धंदा करणारा एक शेतकऱ्याचा मुलगा आहे; आणि बारावींत शिकणारी एक मुलगी आपल्या वडिलांसह येते. कोणाची सायकल पंधरा हजारांची, कोणाची लाखाच्या घरांतली. पण चढ लागला कीं किंमत कोणी विचारीत नाहीं.

या मंडळींचे नियम मला फार आवडले. पहिला असा कीं, जो सर्वांत मागें असेल त्याच्याहि मागें एक बळकट सायकलस्वार असावाच. पुढच्याला घाई न करितां त्याच्या पाठीशीं राहणें एवढेंच त्याचें काम. फांट्यावर पुढचे थांबतात, आणि शेवटचा येऊन पोंचला म्हणजे लगेच निघत नाहींत. त्यालाहि श्वास घेऊं देतात. ज्याला विश्रांतीची गरज अधिक त्यालाच ती मिळूं नये, असें थांबणें काय कामाचें? आपल्या घरच्या पंगतींत शेवटच्याचें जेवण आटोपल्यावांचून कोणी पाटावरून उठत नाहीं, त्याच जातीचा हा नियम आहे. दुसरा नियम: वाटेंत बायामाणसें, गुरें किंवा डोईवर भारा घेतलेला कोणी दिसला कीं सायकलीवरून उतरावयाचें. फाटक उघडें असल्यास उघडें ठेवावयाचें, लावलेलें असल्यास लावून जावयाचें. तिसरा: पेरलेल्या रानांतून चाक न्यावयाचें नाहीं, आणि पावसानें वाट भिजली असेल तर त्या दिवशीं ती सोडून द्यावयाची, कारण ओल्या मातींत चाकोरी पडते, आणि पुढच्या सरीला तींतून ओघळ वाहूं लागतो. ज्यांनीं हे नियम केले त्यांपैकीं कोणीहि नीतिशास्त्राचा ग्रंथ उघडला असेल असें वाटत नाहीं.

माझी पहिली फेरी चासपर्यंत झाली. गांवाबाहेर पडून कालव्याच्या कडेनें जाणारी कच्ची वाट आम्ही धरिली. डावीकडे उंस, उजवीकडे संथ पाणी, आणि पूर्वेस नुकतेंच फटफटत होतें. सर्वांत मागें मी, आणि माझ्या मागें तो ओडिशाचा अभियंता. त्याला मराठी बेताचें, मला हिंदी शाळेपुरतें. पण तासाभरांत त्यानें मला गिअर केव्हां बदलावा हें शिकविलें. चढ अंगावर येण्यापूर्वींच बदलावा, अंगावर आल्यावर साखळी कुरकुरते. चासला भीमेच्या कांठीं सोमेश्वराचें देऊळ आहे, व त्यापुढें मोठी दीपमाळ आहे. थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नी काशीबाई या चासकर जोश्यांच्या कन्या. हें त्यांचें माहेर. दीपमाळेच्या सावलींत बसून मी ही हकीकत सांगूं लागलों, तेव्हां मंडळी भोंवतीं गोळा झाली. त्या बारावींतल्या मुलीनें विचारलें, “सर, मग आम्ही इतक्या वेळां इथें आलों, तर हें कोणीच कसें सांगितलें नाहीं?” त्या दिवसापासून मागें राहणाऱ्या माझेंहि मंडळींत एक काम ठरलें.

परततांना एक लहानसा खडकाळ उतार होता. मी बिचकलों. विद्यार्थी शेजारीं येऊन म्हणाला, “सर, दगडाकडे पाहूं नका, वाटेकडे पाहा. नजर जाईल तिकडे चाक जातें. दोन्ही पायडलें सारख्या उंचीवर ठेवा, अंग थोडें मागें न्या, आणि कोपरें सैल सोडा.” तसें केलें, आणि उतरलों. खिडकीकडे पाहूं नको, पुस्तकाकडे पाहा, असें याच मुलाला मीं किती वेळां बजाविलें असेल!

पुढें माघ महिन्यांत आम्ही भोरगिरीस गेलों. अर्धा प्रवास सायकली टेंपोंत घालून, अर्धा त्यांवर बसून. भोरगिरीच्या पुढें भीमाशंकराचें अभयारण्य लागतें. तें १९८५ सालीं घोषित झालें, आणि आपल्या राज्याचा मानाचा प्राणी जो शेकरू, त्याचें तें घर आहे. अभयारण्यांत चाक न्यावयाचें नाहीं हा मंडळींचा चौथा नियम. म्हणून सायकली गांवांत ठेवून, कोटेश्वराचें दर्शन घेऊन, जंगलांतील वाटेनें आम्ही पायींच निघालों. देवळापाशीं एक वृद्ध महादेव कोळी गृहस्थ बसले होते. तेहि थोडें अंतर सोबत आले. हिरड्याचीं ओझीं डोक्यावर घेऊन लोक कोणत्या वाटेनें जात, कोणती वाट पावसांत बंद होई, कोठें उन्हाळ्यांतहि पाणी असे, हें सारें त्यांच्या जिभेवर होतें. प्रत्येक वळणाला त्यांच्यापाशीं नांव होतें. कांहीं झाडावरून, कांहीं पाण्यावरून, कांहीं एखाद्या जुन्या प्रसंगावरून. मीं विचारलें, “हीं नांवें तुमच्या नातवांना ठाऊक आहेत?” ते म्हणाले, “गुरुजी, पोरं चाकणला कामाला. वाट चालली तर नांव कळणार. न चालतां नांव सांगून काय उपयोग?” तीं नांवें मीं वहींत उतरून घेतलीं. परंतु वहींत नांव राहतें. वाट राहत नाहीं.

हें वाक्य मला लवकरच निराळ्या रीतीनें आठवलें. आमच्या गांवाजवळच्या एका टेकडीवरून खालच्या वस्तीकडे उतरणारी जुनी पायवाट आहे. वस्तीवरच्या बाया त्या वाटेनें रानांत जात, मुलें शाळेस येत, आणि आम्ही रविवारीं तिनें उतरत असूं. एके रविवारीं पाहतों तों वाटेवर आडवें तारेचें कुंपण! जमीन नव्या मालकानें घेतली होती. तरुणांचें रक्त तापलें. एक जण तार तोडावयास निघाला. मीं त्याला थांबविलें. तार तोडून वाट मिळत नसते, गुन्हा मात्र मिळतो. मीं भूमि-अभिलेख कार्यालयांतून गांवनकाशाची नक्कल काढविली. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों कीं, या जुन्या नकाशांत गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनें आणि पायवाट एकेरी तुटक रेघेनें दाखविलेली असते. शेताकडे जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटेंत कोणी अडथळा केला तर तो दूर करविण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या ५ व्या कलमान्वयें तहसीलदारांना आहे. मात्र अर्ज अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत करावा लागतो. पुष्कळ वाटा चिडीच्या अभावीं नव्हे, तर या सहा महिन्यांच्या आळसानें मरतात.

नक्कल घेऊन, वस्तीवरच्या दोन वृद्ध बायांना बरोबर घेऊन, आम्ही मालकांना भेटलों. गृहस्थ सभ्य होते. त्यांनीं नकाशा पाहिला, आणि शांतपणें विचारलें, “पण या वाटेनें हल्लीं जातें कोण? मीं जमीन पाहावयास चार वेळां आलों. मला माणूस दिसलें नाहीं.” या प्रश्नाला कायद्याचें पुस्तक उत्तर देऊं शकत नाहीं. तें उत्तर त्या बायांनीं दिलें. एक म्हणाली, “दादा, माझं माहेर या वाटंनं, माझं रान या वाटंनं. तुम्ही आलात तवा मी रानातच होते.” आणि आमच्यांतली ती मुलगी म्हणाली, “आम्ही दर रविवारीं जातों, काका. सकाळीं साडेसहाला येऊन पाहा.” पुढच्या रविवारीं ते खरेंच आले. महिन्याभरांत कुंपणांत नागमोडी फट ठेवण्यांत आली. माणूस व सायकल जाईल, गुरें शिरणार नाहींत, अशी. अर्ज करण्याची वेळ आली नाहीं. सर्वत्र असेंच होतें असें मात्र नाहीं. चाकणच्या बाजूची एक गाडीवाट आम्ही शोधावयास गेलों, तेव्हां नकाशांतली ती तुटक रेघ एका उंच भिंतींत शिरून नाहींशी झाली होती. आणि तिनें पूर्वीं कोण जात असे, हें सांगणारें कोणीहि तेथें उरलें नव्हतें.

मला जो बोध झाला तो हाच. वाट ही जमिनीवर असते खरी, पण ती टिकते पावलांवर. कागदावरील हक्काला वहिवाटीची जोड नसेल तर तो हक्क वादापुरताच उरतो. हमरस्त्याला आणि कारखान्यांना माझा विरोध नाहीं. आमच्या तालुक्यांतल्या हजारों चुली त्यांवर पेटतात, आणि आमच्या मंडळींतले निम्मे त्यांच्याच पगारावर सायकली घेतात. परंतु हमरस्ता आपल्याला एका गांवाहून दुसऱ्या गांवास नेतो; मधला मुलूख दाखवीत नाहीं, आणि त्यांतल्या माणसांशीं बोलूं देत नाहीं. तें काम पाणंदी आणि पायवाटा करितात. शेतकरी त्या सोडून मोटारसायकलीवर बसला, विद्यार्थी शाळेच्या गाडींत बसला; आतां रविवारच्या चार सायकली आणि रानांत जाणाऱ्या बाया, एवढेच त्यांचे वारस उरले आहेत.

संस्कृतांत ‘पदवी’ या शब्दाचा अर्थ वाट असाहि आहे. मान, अधिकार हे अर्थ त्याच्या जोडीचे. मॅट्रिकच्या पुढें शिकण्याचा योग न आल्यामुळें मला विद्यापीठाची पदवी लाभली नाहीं. उतारवयांत मात्र शब्दाच्या पहिल्या अर्थानें ती लाभली, आणि तीहि माझ्या विद्यार्थ्याच्या हातून.

शेवटीं वडीलधाऱ्या वाचकांना, व त्यांच्या घरच्या मंडळींना, दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. वैद्यकीय तपासणी केल्यावांचून आरंभ करूं नये. पहिले दोन महिने सपाट कच्च्या वाटेवरच काढावे. सायकल महाग नको, पण अंगाच्या मापाची हवी, आणि ब्रेक चांगले हवेत. पाणी, गूळ-शेंगदाणे, पंप व एक जादा ट्यूब जवळ असावी. एकट्यानें जाऊं नये. आपल्या गांवांत अशी मंडळी असली तर त्यांच्यांत मिसळावें, नसली तर एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला, पुतण्याला, शेजारच्या मुलाला हांक मारावी. आणि घरांतल्या धाकट्यांनीं वडिलांना केवळ जपून ठेवूं नये. आमच्या घरीं आतां रविवारीं पहांटे सून चहा करून ठेवते, आणि ही दारापर्यंत येऊन शिरस्त्राणाचा पट्टा नीट लागला कीं नाहीं तें पाहते. नातीला यंदा तिच्या मापाची सायकल घ्यावयाची आहे. तिला मीं टेकडीवरची ती नागमोडी फट आधीं दाखविणार आहें, आणि मग तिच्या मागें राहणार आहें.